सगुणाच्या मधमाश्या

भाद्रपदातल्या पहाटे डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फुलांना एक ओलसर, हिरवट गंध असतो. मोगऱ्यासारखा तो आपण होऊन अंगावर येत नाही, वेलापाशी वाकावे तेव्हाच कळतो. राहुरीजवळच्या त्या खेड्यात, मुळा नदीच्या काठी, मिशनच्या शाळेमागे दोन मास्तरांची बिऱ्हाडे शेजारी शेजारी होती आणि दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी मातीची भिंत होती. अलीकडे मी, पलीकडे सगुणा. एकाच वर्षी लग्न होऊन आम्ही दोघी तिथे आलो, एकाच डांगराचे बी वाटून घेतले, आणि तरी तिचा वेल दरसाल लेकुरवाळा होई, तर माझ्या वेलावर नुसता फुलांचा थाट. फुलाखाली लिंबाएवढे हिरवे फळ दिसायचे, मी हरखायचे, आणि बघता बघता ते पिवळे पडून गळायचे.

पाऊसकाळ सरला की चर्चमध्ये हंगामाचा सण येई. ज्याने त्याने आपल्या मातीतले पहिले फळ वेदीपुढे ठेवायचे. मधोमध सगुणाचे डांगर, भगवे, घडवल्यासारखे. आणि एका कडेला माझी वांगी, जी मी आदल्या दिवशी बाजारातून आणून घरची म्हणून पदराआड नेत असे. पाळकसाहेब म्हणत, सगुणाबाईंच्या हाताला गुण आहे. घरी येऊन आमचे मास्तर तेच वाक्य जेवताना पुन्हा म्हणत, आणि मी पानातला भात नुसता चिवडत असे. एकदा, फक्त एकदा, माझ्या वेलाचे डांगर त्या वेदीपुढे असावे, याहून दुसरे मागणे त्या दिवसांत माझ्या प्रार्थनेत नव्हते. याला गोड नाव द्यायचे कारण नाही. मी जळत होते.

आमच्या घराण्याने धर्म बदलून दोन पिढ्या उलटल्या होत्या. पण कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवले की ते कुजते, ही समजूत काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेली नव्हती. मी नेहमी बोट वाकवून दाखवी. सगुणा मात्र भिंतीवरून हात लांबवून सरळ बोटाने म्हणायची, “ते बघ रतन, तितं बी धरलंय!” आणि त्या आठवड्यात ते फळ गळून पडायचे. मला आणखी कोणता पुरावा हवा होता?

तिचे परस म्हणजे नुसते गचपण होते. सब्ज्याच्या मंजिऱ्या वाळेपर्यंत तशाच, कोथिंबीर फुलावर गेलेली, भिंतीकडेला रानफुलांचे तण, आणि फुटक्या परातीत खडे घालून ठेवलेले पाणी. माझे अंगण झाडून लख्ख. लढाईची महागाई होती, भाजीचे हाल होते; म्हणून ज्या फुलांखाली फळ नाही, ती वांझ फुले मी तांबडे फुटण्याआधीच खुडून आणी आणि डाळीच्या पिठात बुडवून त्यांची भजी करी. मास्तर ती आवडीने खात. सगुणाच्या हातच्या भज्यांचे नाव कोणी काढत नसे, तेवढेच मला समाधान.

एका पहाटे, ही बाई वेलावर काय करणी करते ते पाहायचेच म्हणून मी भिंतीआड दबा धरून बसले. उजाडले. सगुणा चहाची वाटी घेऊन आली, पायरीवर टेकली, आणि काहीच करीना. उन्हाची पहिली तिरीप वेलावर आली तशा परातीकडून मधमाश्या उठल्या, त्या वांझ फुलांत शिरल्या, पिवळ्या भुकटीने माखून बाहेर आल्या आणि फळाच्या फुलावर जाऊन बसल्या. तेवढ्यात तिने मला पाहिले.

“अगं, तू अंधारातच फुलं खुडतीस,” ती हसत म्हणाली. “मग माशीनं तुज्याकडं यायचं कशाला? त्या पिवळ्या पुडीबिगर फळ धरत न्हाई.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला होता.

“मला वाटलं, मास्तरांना भजी लई आवडत्यात.”

यावर भांडावे तरी कसे? मी भजी बंद केली. सब्जा वाढू दिला, भिंतीकडेचे तण राखले, परातीत खडे घातले. मधमाश्या आल्या; त्यांच्या गुणगुणण्याने माझे परस सकाळभर भरून राहू लागले, आणि त्यांतली एखादी भिंत ओलांडून पलीकडे गेली की मला आत टोचत असे, माझ्या फुलांतले घेऊन ही तिच्याकडे का जाते म्हणून.

त्या साली वेदीपुढे मधोमध माझे डांगर होते. पाळकसाहेबांनी माझे नाव घेतले. मी मान वळवून सगुणाकडे पाहिले. इतक्या वर्षांचे माझे दुखणे एकदा तिच्या तोंडावर उमटलेले मला बघायचे होते. ती उठून पुढे आली, डांगरावरून लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा तळहात फिरवला, “गोजिरं हाय गं,” म्हणाली, आणि जागेवर जाऊन गीत गाऊ लागली. मी गीतांचे पुस्तक उघडून उभी राहिले. तिच्या त्या मोकळ्या आवाजात मी शेवटच्या कडव्यापर्यंत हेव्याचा एखादा खरखरीत सूर शोधत होते. तो सापडला असता, तर मी सुखाने घरी गेले असते.