ताईच्या खोलीतला फोटो

आमच्या शाळेत खिचडी वाढली की मुलं लगेच जेवत नाहीत. ताटासमोर हात मांडीत घेऊन बसतात आणि एका सुरात विचारतात, "फोटो झाला का, बाई?" झाला म्हटलं की मगच घास. ही शिस्त त्यांना मीच लावली. जेवणाचा फोटो वर पाठवावा लागतो, त्यावर जागा आणि वेळ उमटावी लागते, आणि अर्धं ताट संपलेला फोटो बरा दिसत नाही. झाड लावलं की फोटो, हात धुतले की फोटो, पालकसभा भरली की फोटो. एकदा तर लावलेलं रोप उपटून पुन्हा लावलं होतं, कारण पहिल्या वेळी माझा मोबाईल बंद पडला होता. तेव्हा आम्ही शिक्षिका पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की माझे कान तापतात.

मी राहते शहापुरात. शाळा मुरबाडच्या बाजूला, किन्हवली मागे टाकून बरंच आत. स्कूटीवरून जाते. गावात घरं शेतकऱ्यांची, आणि ओढ्यापलीकडे वाडी. भातं झोडून झाली, दिवाळी सरली की वाडीतली माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरंही बरोबर जातात, वर्ग ओस पडतो. म्हणून आम्ही दिवाळीआधी वाडीत फिरतो, आईबापांच्या मागे लागतो की पोरांना आजीजवळ ठेवा, शिकू द्या. मी या कामात पटाईत आहे. माझ्या जिभेपुढे नाही म्हणायला माणूस लाजतो. सहावीतल्या एका मुलीला मीच असं मागे ठेवायला लावलं. तिची आई तयार नव्हती.

"ती माज्याबिगर झोपत नाय, बाई," ती म्हणाली होती.

"होईल सवय," मी म्हटलं होतं, आणि पुढच्या झोपडीकडे वळले होते.

सवय झाली नाही. ही मुलगी वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजात कविता म्हणायची, इतक्या मोठ्या की शेजारच्या वर्गातले सर खोटं खोटं खोकायचे. आईबाप गेल्यावर तिचं रोज प्रार्थनेच्या वेळी पोट दुखायला लागलं. मी ओवा दिला. मग ती वर्गात बोलेनाशी झाली. वेणीचं टोक तोंडात धरून खिडकीबाहेर बघत बसायची, प्रश्न विचारला तर उभी राहायची आणि तशीच उभी असायची. मी म्हटलं, नाटकं आहेत. आजीने मीठ-मिरच्या ओवाळल्या, मग भगताकडे नेऊन आणलं. भगताने निदान तिला जवळ बसवून घेतलं असेल. मी तेवढंही केलं नव्हतं.

त्याच सुमारास मोठ्या गावांतल्या शाळांत चालू असलेला समुपदेशनाचा कार्यक्रम आमच्यासारख्या आडबाजूच्या शाळांपर्यंत आला. मुलांच्या मनाचंही बघायचं, आठवड्यातून एकदा एक ताई येणार, मुलांशी बोलणार. शहापूरच्या एका सभागृहात आमचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर एक वाक्य आलं होतं: मुलाची ओळख कोणत्याही परिस्थितीत उघड करू नये. बोलणारी बाई म्हणाली, हे एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी पुरे. आम्ही सगळ्यांनी मोबाईल वर केले आणि त्या वाक्याचा फोटो काढला. माझ्याकडे तो अजून आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे शाळेत मीच मुलांना समजावून सांगते.

तांदळाची पोती ठेवायची खोली आम्ही रिकामी केली. माझ्या एका जुन्या साडीचा पडदा शिवला, दोन सतरंज्या घातल्या. मुख्याध्यापकांनी दारावर रंगाने शाळेचं आणि खोलीचं नाव लिहून घेतलं, फीत लावली, नारळ फोडला. मुलांनी मात्र तिला नाव दिलं 'ताईची खोली'. ताई कल्याणहून एसटीने यायची. वयाने लहान, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं होतं ही काहीतरी भाषण देईल. तिने पिशवीतून सागरगोटे काढले आणि आमच्या त्या सहावीतल्या मुलीसमोर खेळत बसली. पहिल्या खेपेला मुलगी नुसती बघत राहिली. दुसऱ्या खेपेला एक सागरगोटा घरंगळत तिच्याकडे गेला, तो तिने परत दिला. ताई आली की मग ती आपण होऊन खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहू लागली. पोटदुखी कमी झाली. ती ताईला काय सांगायची ते मला माहीत नाही, आणि माहीत नसायलाच हवं होतं.

एका गुरुवारी मी व्हरांड्यातून जात होते आणि पडद्याआडून हसू ऐकू आलं. तिचं हसू. मी ते दिवाळीपासून ऐकलं नव्हतं. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी मी काय केलं असेल? पर्समधून मोबाईल काढला. वरून दोनदा विचारणा झाली होती, नव्या उपक्रमाचा फोटो अजून का नाही. मी पडदा सारला आणि म्हटलं, "अशीच हस हं." ताई उठून काही बोलायच्या आत फोटो झाला. फोटो सुरेख आला होता. सागरगोटे हवेत, तोंड वर, पुढचा किडका दातसुद्धा दिसतोय. ताई माझ्यामागे बाहेर आली, म्हणाली, "मॅडम, हा कुठे टाकू नका." मी म्हटलं, "छे छे, फक्त आपल्या ग्रुपवर." आमच्या लेखी शिक्षकांचा तो ग्रुप म्हणजे घरच. खाली मी लिहिलं: मानसिक आरोग्य उपक्रमाचा लाभ घेताना इयत्ता सहावीची विद्यार्थिनी. आत उघडलेल्या दारावरचं शाळेचं नावही फोटोत आलं होतं. अंगठे आले, टाळ्या आल्या. माझं काम प्रथमच सगळ्यांच्या आधी गेलं होतं, त्याचा मला आनंदही झाला. तो आनंदच आता मला जास्त छळतो.

मुख्याध्यापकांनी कौतुकाने तो फोटो शाळा समितीच्या ग्रुपवर टाकला. समितीतून गावाच्या ग्रुपवर. गावात कोणी वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. लोक हळहळले. "देवा, पोरीला बरी कर" असं कोणीतरी लिहिलं आणि हात जोडले, आणि मग सगळ्यांनीच हात जोडले. आमच्याकडे 'मानसिक' म्हटलं की अर्थ एकच: डोकं फिरलेलं. सर्दीपडशाला कोणी हात जोडत नाही. संध्याकाळच्या आत फोटो भट्टीवर पोचला, कारण वाडीतल्या प्रत्येक घरचं कोणी ना कोणी तिथे आहे आणि मोबाईल सगळ्यांकडे आहे.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. मी एका मुलीला तिच्याशेजारी बसायला सांगितलं तर ती म्हणाली, "आई नको बोललीय." पोरांनी ताईच्या खोलीला 'येड्यांची खोली' म्हणायला सुरुवात केली. पुढच्या गुरुवारी ताईकडे दुसरी जी मुलं यायची तीही आली नाहीत. मी सगळ्या ग्रुपवरून फोटो पुसायला लावला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

तिचे वडील आले ते त्या शुक्रवारीच, शाळा सुटायच्या आधी. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील, आणि मी त्याची तयारीही केली होती. आरडाओरड्याला मला उत्तर देता येतं. ते पायरीखाली चपला काढून उभे राहिले.

"बाई, तुमी बोलला पोरीला इथं ठेव. आमी ठेवली," ते म्हणाले. "तिला ताप आला असता तं असा फोटू टाकला असता का?"

मी म्हटलं, "चूक झाली माझी."

"तुमची पोर असती तं?"

मला दोन मुलगे आहेत, दोघेही खोलीचं दार लावून बसतात, आणि त्यातल्या धाकट्याला कोणाशी तरी बोलायला न्यावं असं मला कितीदा वाटलंय. नेलं नाही, कारण शहापूर लहान आहे, कोणीतरी बघेल. हे मी त्यांना सांगितलं नाही. धरणी पोटात घेते म्हणतात, तशी घेत नाही, उभं राहावं लागतं. मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली, वडिलांचं बोट धरलं आणि गेली. वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं बघेल.

ताई आली तेव्हा मी तिला म्हटलं, "ती भट्टीवर गेली, आईची आठवण येत होती." सरळ खोटं. ताईला गावात शिरतानाच कोणीतरी सांगितलं होतं. ती मला रागावली नाही. सागरगोटे पिशवीत भरता भरता म्हणाली, "मॅडम, तिला दुसऱ्या कोणाशी बोलायचं धाडस व्हायला आता फार वेळ लागेल." ती रागावली असती तर मी चार कारणं सांगितली असती, माझ्याकडे ती तयार होती. तशीच राहिली.

रविवारी मी भट्टी शोधत गेले. घरी सांगितलं, माहेरी जाते. मुरबाडवरून कल्याणच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला धूर दिसतो, विचारत विचारत पोचले. कच्च्या विटा एकावर एक रचून केलेल्या खोपट्या, वर पेंढा आणि प्लास्टिक. तिची आई गारा कालवत होती. मला बघून तिने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि आधी कोरा चहा टाकला. तिथे सगळे मला 'बाई, बाई' करत होते, बसायला फळी पुसून देत होते. एकानेही त्या दिवसाचा विषय काढला नाही. मीच काढला. हात जोडून म्हटलं, माझ्यामुळे झालं, तिला परत पाठवा, आता कोणी तिला काही बोलणार नाही. खरं तर ते माझ्या हातात नव्हतं, पण म्हटलं.

वडील विटा पालथ्या घालून वाळवत होते. मान वर न करता म्हणाले, "मी धरून ठेवलेली नाय. ती हो बोलली तं उद्या सोडतो."

"आता झोपते का नीट?" मी आईला विचारलं.

"झोपते. बोलत नाय, पन झोपते," आई म्हणाली. "तुमी विचारा. तुमचं ऐकायची ती."

ऐकायची, हा शब्द मला लागला. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन विटांच्या थप्पीआड उभी होती. आईने हाक मारली तशी आली. भावाला खाली ठेवलं. दुपार झाली होती, आईने माझ्यासाठी आणि तिच्यासाठी ताटं वाढली, भात आणि सुकटीचं कालवण. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. अंगावर शाळेचाच गणवेश होता, बाह्यांवर विटांची लाल माती. मी बरंच काही ठरवून गेले होते. ताईची आठवण काढणार होते, पडदा बदलला आहे हे सांगणार होते, कविता म्हणायला लावणार होते. एवढंच तोंडातून निघालं, "जेव गं."

ती जेवेना. तिने वेणी मागे टाकली, पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीत घेतले. माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या पर्सकडे बघितलं. मग इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला, अगदी बारीक, पण शाळेतल्यासारखा, शहाणा.

"फोटो झाला का, बाई?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती खरंच वाट बघत होती. आईला काही कळलं नाही, ती हसली आणि म्हणाली, "काढा की एक, बाई." मी म्हटलं, "नाही गं, आज फोटो नाही. मी काढणार नाही." पर्स उचलून बाहेर स्कूटीला अडकवून आले. परत येऊन रिकामे हात तिला दाखवले. तरी ती तशीच बसून होती, भातावर माशी बसली ती तिने उडवलीसुद्धा नाही.

मग मी माझं ताट आईच्या हातात दिलं, उठले आणि थप्पीच्या पलीकडे, तिला मी दिसणार नाही अशा जागी जाऊन उभी राहिले. तेव्हा ती जेवायला लागली.