रिकाम्या खुर्च्यांचा वर्ग

गुडगावात टॉवर नुकते उभे राहत होते, तेव्हा आमच्या शेजारी नगरच्या एक ख्रिस्ती बाई राहायच्या. दर रविवारी त्या घरी बायबलचा वर्ग घ्यायच्या. त्यांचा लाडका प्रश्न एकच. "अच्छा, बघा, एकाच देवाला मानणारे ते ज्यू शिष्य येशूला प्रभू कसे म्हणायला लागले?"

एकदा चर्चमधले एक वडीलधारे त्यांना समजवायला आले. "बाई, अशा प्रश्नांनी श्रद्धा डळमळते. वर्ग बंद करा."

"शिष्यांनाही हाच प्रश्न पडला असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "वर्ग चालू राहील."

पुढच्या रविवारी कुणीच फिरकलं नाही. मी डोकावलो, तर बाई रिकाम्या खुर्च्यांसमोर उभ्या होत्या.

"या, बसा."

"मी हिंदू. मला यातलं काहीच माहीत नाही."

"मग पहिल्यापासून सांगते," म्हणाल्या, आणि त्यांनी पूर्ण तास शिकवलं.