क्रॅक गेलेला घुमट

आमच्या गोव्यातल्या कारापूरच्या घरात ‘क्रॅक’ हा शब्द सगळ्यात जास्त वापरतात ते माझे सासरे. कृष्णनाथबाबांचं आयुष्य खाणीवरचा ट्रक चालवण्यात गेलं. इंजिनाच्या धडधडीत कान गेले, शब्द तेवढा राहिला. चेसिसला क्रॅक, काचेला क्रॅक, आणि ओव्हरटेक करणारा प्रत्येक माणूस क्रॅक! कानाचं मशीन आणून दिलंय, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून खणात पडून असतं.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरचा शब्दकोश मीच. माझी मुलगी गौरवी ‘नर्सिंगची एन्ट्रन्स क्रॅक केली’ असं ओरडत आली, तेव्हा बाबा काळजीत पडले.

“परीक्षा फोडून आयली? आनी मास्तर गप्प रावले?”

मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन समजावलं की इंग्रजीत कोडंही क्रॅक होतं, विनोदही क्रॅक करतात. मुळात तो नुसता आवाज. काहीतरी मोडताना लोकांना तसं ऐकू आलं, तोच शब्द झाला. भेग, वेडा माणूस, हे सगळे अर्थ मागाहून चिकटले.

“मगे आमचो तडोय तसोच,” बाबा खूश झाले. “तड्ड करून वाजलो, म्हूण तडो.”

बाबांची दुसरी ओळख म्हणजे घुमट. मातीच्या मडक्याच्या एका तोंडाला कातडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं, डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत-सोडत नाद घुमवायचा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या वाड्यावर घरोघरी आरत्या होतात त्या बाबांच्या घुमटावर. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, “ज्या दिसा नाद म्हाका कळचो ना, त्या दिसा हांव घुमट गळ्यांतलो काडून दवरतलों.” म्हणजे वाजवणं कायमचं बंद, आणि बाबा बोलले की बोलले.

गेल्या चवथीच्या आधी हवा ओली होती, कातडं सैल पडलेलं. चुलीच्या निखाऱ्यांजवळ शेकायचा घुमट बाबांनी गॅसच्या आचेवर धरला. घाई, दुसरं काय! स्वयंपाकघरात मी होते, माझा नवरा रुद्रेश होता. तड्ड असा आवाज आला आणि आम्ही दोघं जागीच थिजलो. घुमट हातात धरलेल्या बाबांना काहीच कळलं नाही. त्यांनी कातड्यावर बोट फिरवलं, “ताणलें आतां,” म्हणाले आणि खुशीत तालमीला निघून गेले.

तालमीत घुमट भद्द बोलत होता. सगळ्यांनी ऐकलं, कुणी चकार शब्द काढला नाही. बाबांचे जुने दोस्त जयरामकाका शामेळ, म्हणजे जोडीचा लहान ढोल, बडवतात. ते बिचारे आवाज झाकायला तो दुप्पट जोराने बडवू लागले. रुद्रेश म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलंस तर ते वाजवणंच सोडतील.” मला सगळ्यांचा राग आला. घुमटाच्या परीक्षेत उभ्या वाड्याला नापास करणारा हा माणूस, आणि त्यालाच आम्ही खोटं ऐकवत होतो. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मी सावंतवाडीकडची, या घरात सून म्हणून आलेली. बाबांचं वाजवणं माझ्या तोंडून बंद व्हावं, हे मला नको होतं.

तालमीचे चार दिवस असेच गेले. एका संध्याकाळी बाबा सोप्यावर घुमट घेऊन बसले होते. मी चहा ठेवला, समोर बसले आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “बाबा, घुमटाला क्रॅक गेलाय.”

त्यांनी डावा तळवा दाखवला.

“हाका कळ्ळां. वारें बाजूक फुटता. वाट पळयतालों, कोण सांगता तें.”

“मग आता वाजवणार नाही?” मी विचारलं.

“हाताक कळटा थंय मेरेन नाद कळटा, बाये. पूण तळव्याक मोडलें तें कळटा, बरें वाजता तें कळना. तें सांगपाक कोण तरी जाय. गोड उलोवपी घरभर आसात.” त्यांनी चहाचा घोट घेतला. म्हणजे हाताला कळतं तोवर ते वाजवणार होते, पण बरं वाजतंय का हे खरं सांगणारं माणूस त्यांना हवं होतं; गोड बोलणारे घरभर होतेच. “तुजे उपकार जाले गो.”

दुसऱ्या दिवशी डिचोलीला कुंभाराकडे गेलो. बाबा प्रत्येक मडक्याला तळवा लावून बसत, मी टिचकी मारून ऐकत असे. एकाला मी नकारार्थी मान हलवली, दुसऱ्यालाही. तिसऱ्याचा नाद कितीतरी वेळ घुमत राहिला. मी हसले, बाबांनी ते मडकं मांडीवर ओढून घेतलं. कातडं जयरामकाकांनी चढवलं, आणि चढवता चढवता डोळे पुसले.

चवथीच्या आरतीला बाबा उभे राहिले. पहिली थाप मारली आणि गणपतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली. या घरात मला पुष्कळ काही मिळालं, पण एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता. आरतीचे शब्द मला आठवेनात, मी नुसती टाळ्या वाजवत रडत होते.

आरती संपल्यावर शेजारच्यांनी विचारलं, “नवो घुमट? कोणें पारखून हाडलो?”

बाबांना प्रश्न ऐकू आला नाही. पण सगळ्यांच्या नजरा घुमटाकडे वळलेल्या पाहून त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मोठ्यांदा सांगितलं, “हे म्हजे कान.”