रविवारची पेज

ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस म्हणतात, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले तर ते चाळिसाला थांबतच नाहीत. उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी सकाळी मी बोट ठेवून दोनदा मोजून पाहिले आणि दोन्ही वेळा ईस्टर पुढेच निघून गेला. हिशेबात मी शाळेपासून कच्ची. चूक माझीच असणार म्हणून कॅलेंडर सोडून दिलं आणि नेम तेवढा धरला. दिवस मावळेपर्यंत पाणी आणि कोरा चहा, बाकी काही नाही, ईस्टरपर्यंत रोज. त्याच्या बदल्यात, देवा, माझ्या सासूबाईंचं बोलणं परत दे.

हे वाचून ख्रिस्ती मंडळी हसतील. हसू देत. मी चिखले गावची, चिकूच्या वाडीत वाढलेली. आमच्या घरी नवस बोलला की बोलला. मध्ये चुकून एक दाणा पोटात गेला तरी पहिल्यापासून सुरुवात. गेल्या मे महिन्यात लग्न होऊन तलासरीला आले. नवरा कॅथलिक, उंबरगावला कारखान्यात शिफ्ट करतो. बाप्तिस्मा मी घेतलेला नाही आणि कोणी तो मागितलाही नाही. लग्नाच्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तुझा देव तुझ्याकडं, आमचा आमच्याकडं, पण जेवण एका ताटात." नाताळच्या तोंडावर त्यांना झटका आला. उजवा हात गेला, आणि जीभही गेली.

त्यामुळे या घरातला उपवासकाळ मला समजावून सांगणारं कोणीच उरलं नाही. जिला विचारायचं तीच गप्प. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मटण बंद, एवढंच मला माहीत. बाकी सगळं आई बघायची." फादरांना विचारायचं तर लाज वाटायची, ही कोण आली आमचे उपास करणारी, असं त्यांना वाटेल म्हणून. तरी राखेच्या बुधवारी मी देवळात गेले, रांगेत उभी राहिले आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आले. सासूबाईंनी डावा हात वर केला, माझ्या कपाळावरची राख बोटाने टिपली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. मला वाटलं, झालं, देवाने ऐकलं.

पण देवाने काय ऐकलं कोण जाणे, कारण पहिल्याच रविवारी सासूबाईंनी तोंड मिटलं. एरवी त्या माझ्या हातून पेज खायच्या, सावकाश, सांडत, पण खायच्या. त्या दिवशी चमचा ओठांपाशी नेला की मान फिरवायच्या. डाव्या हाताने वाटी माझ्याकडे ढकलायच्या. मी परत त्यांच्याकडे न्यायची, त्या परत ढकलायच्या, शेवटी पेज चादरीवर सांडली आणि आम्ही दोघी रडलो. सोमवारी थोडं खाल्लं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग सोमवारीही कमी, मंगळवारीही कमी. त्या वाळत चालल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. रविवार म्हणजे यांच्या देवाचा दिवस. त्या दिवशी बाप्तिस्मा न घेतलेल्या सुनेच्या हातचं यांना नको असणार. आजवर बोलल्या नाहीत ते चांगुलपणाने, आणि आता बोलताच येत नाही म्हणून हाताने सांगतात. हे नवऱ्याला सांगायचीही मला चोरी. मी उपास आणखी कडक केला, चहासुद्धा सोडला. देवळात क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या शेवटच्या यातनांच्या प्रार्थनेला, मागच्या बाकावर बसायची आणि काहीच कळायचं नाही. ही माणसं दुःखाची एवढी उजळणी का करतात, आणि माझं दुःख त्यात कुठे बसतं, सगळाच गोंधळ.

चौथ्या रविवारी वापीला औषधं आणायला गेले. तलासरीत ती मिळत नव्हती. परत येताना जीपवाल्याने तलासरीच्या अलीकडे, अच्छाडच्या तपासणी नाक्यावरच उतरवलं, पुढे गिऱ्हाईक नाही म्हणाला. ऊन मी म्हणत होतं. ट्रकांच्या रांगेपाशी उभी असताना डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी एका ढाब्याच्या बाकड्यावर जवळजवळ कोसळलेच. शेजारच्या टेबलावर एक बाई नवऱ्याबरोबर चहा घेत बसल्या होत्या, दमणहून वसईला निघालेल्या. गळ्यात क्रूस, केस पांढरे, आवाज मोठा. त्यांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं, डबा उघडला आणि एक फुगा माझ्या हातात ठेवला. फुगा म्हणजे त्यांच्याकडची तळलेली, गोडसर, गोल भाकरी.

मी म्हटलं, "नको मावशी, उपास आहे."

"कसला गं बाय?"

"चाळीस दिवसांचा. ईस्टरचा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज? रविवारी? अगं, रविवारी उपास नसतो! रविवार म्हणजे आपला धाकटा ईस्टर. आमची आई तर रविवारी कोणी उपाशी राहिलं की सोताच ताटावरून उठायची. आमचा प्रभू उठला त्या दिवशी तोंड पाडून बसायचं नाय, म्हणायची."

मी फुगा न खाता मांडीवर ठेवला. कॅलेंडर डोळ्यांपुढे आलं. रविवार वगळले की चाळीस बरोबर भरतात. पण ते नंतर. आधी आठवली ती माझ्याकडे ढकललेली वाटी. इतके रविवार त्या मला जेव म्हणत होत्या. मी जेवत नाही म्हणून त्या जेवत नव्हत्या. आणि मी त्यांच्या मायेला विटाळ समजून बसले होते. ढाब्यावर, ट्रकवाल्यांच्या देखत, मी हुंदके देऊन रडले. मावशींनी कारण विचारलं नाही. तलासरी नाक्यावर त्यांनी गाडीतून सोडलं आणि उरलेले फुगे कागदात बांधून दिले. मी त्यांचं नावही विचारलं नाही, इतकी मला घरी जायची घाई.

घरी नवरा आईपाशी बसला होता, वाटी तशीच भरलेली. मी पलंगाच्या कडेला बसले, फुगा काढला आणि त्यांच्या समोर खाल्ला. नवस मोडतोय हे घासाघासाला आठवत होतं, खोटं कशाला बोलू. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, शेवटचा घास गिळेपर्यंत. मग त्यांनी तोंड उघडलं. अख्खी वाटी पेज संपली. नवरा बघतच राहिला आणि मग उठून परसात गेला, मला वाटतं डोळे पुसायला.

नळी घालावी लागली नाही. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या खऱ्या उपासाच्या दिवशी, मी उपास केला, त्यांनी डाव्या हाताने चमचा घेऊन पेज खाल्ली आणि मला आग्रह केला नाही. त्या दिवशी देवळात वेदीवर काहीही नव्हतं, चादरसुद्धा नव्हती, आणि मला वाटलं, देवाकडेही आज द्यायला काही नाही, तरी माणसं आलीच आहेत. मागण्याशिवाय देवापुढे बसायची माझी ती पहिली वेळ. ते बसणं मला अजून नीट जमत नाही.

बोलणं परत आलेलं नाही. अच्छाडच्या मावशी त्याच वेळी तिथे का बसल्या होत्या, मोडलेल्या नवसाचं देवाने काय केलं, मी नक्की कोणत्या देवाची, यातलं काही मला कळलेलं नाही, आणि आता ते त्याच्यावरच सोपवलं आहे. मला फक्त आभार मानता येतात, ते रोज मानते. ईस्टरच्या सकाळी फादर घरी येऊन सासूबाईंना ख्रिस्तशरीर, म्हणजे त्यांचा पवित्र प्रसाद, देऊन गेले. नंतर मी पेज आणली, वर थोडा गूळ घालून. त्यांनी डाव्या हाताने वाटी माझ्याकडे ढकलली. या वेळी मी ती परत सरकवली नाही. पहिला घास मी घेतला, दुसरा त्यांनी.