हेडफोनमधली हाक

कोणाला काही 'बाहेरचं' झालं म्हटलं की पहिले त्याचं बीपी मोजा, असं सांगणारी मी बाई आहे. आमच्या गल्लीत त्याबद्दल मला कोणी चांगलं म्हणत नाही. वय त्रेपन्न, सावली गावात ब्लाऊज शिवायचं दुकान, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि स्वभाव... तो पुढे कळेलच. तेव्हा खाली कमेंटमध्ये 'ताई, मनाचे खेळ असतात हे' असं लिहायला जे बसले असतील त्यांनी समजून घ्यावं, हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आले आहे. मला पाठ आहे.

मी घाबरले म्हणून लिहीत नाही. मला राग आलाय म्हणून लिहिते आहे.

सुरुवात माझ्या मुलीपासून. स्नेहल, वय सव्वीस, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. मागच्या वर्षी तिचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. गावभर पेढे वाटून झाले, आणि नवव्या दिवशी तिनं मुलाकडच्यांना परस्पर मेसेज करून लग्न मोडलं. आम्हाला मुलाच्या मामाकडून कळलं. मी फोनवर तिला म्हणाले, "आजपासून तू माझ्यासाठी मेली." असं बोलू नये हे मलाही कळतं... बोलून झाल्यावर कळतं. त्यानंतर सात महिने ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बापाला फोन करायची, त्याला विचारायची आईचा गुडघा कसा आहे. मी त्याच्याच बाजूला गुडघा घेऊन बसलेली असायचे.

मग तिला जर्मनीत नोकरी लागली. निघायला तीन आठवडे. सावलीला येणार नाही म्हणाली. बापाजवळ निरोप ठेवला - आईला बोलायचं असेल तर तिनं माझ्या गेममध्ये यावं. फोनवर आईचा आवाज चढला की मी एवढीशी होऊन जाते, गेममध्ये तसं होत नाही. तिथं बोलेन.

हा गेम म्हणजे ऑनलाइन. राक्षस, किल्ले, जादूगार. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी काहीतरी सोंग घेऊन त्यात हिंडत असतात. स्नेहल चार वर्षांपासून खेळते.

"नऊ महिने पोटात वागवली," मी नवऱ्याला म्हणाले, "ते काय सोंग घेऊन भेटाले?"

आमचे हे वीज खात्यात लाईनमन होते, आता रिटायर. खांबावर चढताना जेवढं शांत राहावं लागतं तेवढेच घरीही शांत राहतात, त्यानं माझा राग दुप्पट होतो.

"जाऊन पाय ना," ते म्हणाले. "गेम खाते का तुले?"

"मी नाई जात."

"नको जाऊ. थे जाईन जर्मनीले. तू बस इथी पिको-फॉल करत."

आठ दिवस मी ठरवत होते. गेले तर मी नमले. नाही गेले तर पोरगी विमानात बसेल आणि 'तू मेली' हेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं राहील. सकाळी वाटायचं जावं, आणि दुपारी कोणीतरी गिऱ्हाईक बाई विचारायची, "स्नेहलचं मग काय झालं हो?" की पुन्हा डोकं तापायचं. त्या आठवड्यात मी एका मास्तरीणबाईंच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. त्या तो तसाच घेऊन गेल्या. घाबरल्या असतील.

नवव्या दिवशी गेले. घरी कॉम्प्युटर नाही. माया म्हणून माझी मैत्रीण आहे, बसस्टँडच्या मागे तिचं ऑनलाइन सेंटर आहे - सातबारा, आधार, फॉर्म भरणं. तिच्याकडे एक नवीन कॉम्प्युटर आहे. स्नेहलनं बापाच्या फोनवर पाठवलेलं वाचून वाचून मायानं तो गेम त्यात बसवला.

"बाई, तुमी खेळसान?" ती म्हणाली.

"खेळाले नाई, भांडाले चालली."

दुपारची वेळ. मायानं माझ्या कानावर हेडफोन चढवला आणि ती घरी जेवायला गेली. मागे बाकावर डोमाजी कापगत बसले होते. हे माझ्या माहेरच्या गावचे, सत्तरी ओलांडलेले, आधार दुरुस्तीला आले होते. बाकी कोणी नाही.

पहिले सोंग निवडावं लागतं. उंच, गोऱ्या, अंगावर कपड्याचा तुटवडा असलेल्या बायका होत्या... शिवणारी बाई म्हणून मला ते बघवेना. शेवटी मी दाढीवाला बुटका म्हातारा घेतला, कारण एकट्या त्याचेच कपडे अंगाला नीट बसले होते.

मग जंगल उघडलं. चैत्रात आमचं जंगल पिवळं पडतं, पानगळ होते, जमिनीवर फक्त मोहाची फुलं. हे असं हिरवंगार होतं की वाटलं कोणी रोज पाइप लावून धुतं. समोर डोक्याला हरणाची शिंगं असलेली एक पोरगी उभी होती, आणि कानात आवाज आला.

"आई, ऐकू येतं?"

सात महिन्यांनी. मी आधी तयार केलेली सगळी वाक्यं विसरले.

"येते," मी म्हणाले. "तुला शिंगं काऊन?"

ती हसली बहुतेक. मग मला चालायला शिकवलं. मी झाडाला धडकले, ओढ्यात पडले. झाडी दाट होत गेली तशी मी थांबले.

"आई, चल ना पुढे."

"एकटं नाई जात. तू पुढे हो."

"इथं वाघ नाहीये आई."

"नाव नको घेऊ," मी म्हणाले. सवयीनं. आमच्याकडे जंगलात त्याचं नाव घेत नाहीत, पोरं सुद्धा नाही घेत. खोट्या जंगलात का असेना.

तिथपर्यंत बरं चाललं होतं. मग ती म्हणाली, "मी का मोडलं ते तू एकदाही विचारलं नाहीस."

"लोक मला विचारत होते त्याचं काय?"

"त्यानं माझ्या फोनचा पासवर्ड मागितला. लग्नाआधी. त्याच्या आईला रोज बघायचा होता म्हणे."

"मग मला सांगायचं होतं."

"तुला? तू म्हणाली असतीस, दे, लपवायचं काय आहे."

मी तेच म्हणाले असते. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच मी दुप्पट ओरडले. दुकान, नातेवाईक, पेढे, सगळं काढलं. शिंगवाल्या पोरीनं पाठ फिरवली आणि ती झाडांत चालू लागली. मला पळायचं बटण माहीत नव्हतं. माझा म्हातारा जागेवर उड्या मारत राहिला आणि ती दिसेनाशी झाली.

आणि तेव्हा हाक आली.

आता हे तुम्हाला सांगावं लागेल. आमच्याकडे मोह वेचायला बाया पहाटे जंगलात जातात. पसरून वेचतात, एकमेकी दिसत नाहीत, म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक घालतात. प्रत्येक घराची हाक वेगळी. आमच्या घरची दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी आवाज खाली पडतो, विहिरीत दोर सोडावा तसा. ज्या घरची हाक, त्या घरच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर जेवढ्या बाया असतील तेवढ्यांनी टोपल्या टाकून शोधायला जायचं. मी चौदा वर्षांची असताना आईवर रुसून एकदा मुद्दाम ओ दिली नव्हती. अकरा जणींचा मोह मातीत सांडला. आईनं मारलं नाही. म्हणाली, "राग घरी करत जा. जंगलात ओ देत जा."

ती हाक माझ्या आईची होती. जनाबाई, अकरा वर्षांपूर्वी घरीच, शुगरनं गेली. तिच्या घशातली ती बारीक खरखर मला मरेपर्यंत ओळखू येईल. मला स्वतःला ती हाक घालता येत नाही, जीभ टाळूला लावायची काही युक्ती आहे ती जमलीच नाही.

मला काय झालं असेल? काही नाही. संताप आला. "आजीची नक्कल करून राह्यली? लाज नाई वाटत?" मी ओरडले.

आणि त्याच क्षणी कानात स्नेहल ओरडत होती, "आई, हे काय होतं? आजीला मधे आणून मला रडवतेस का?"

"मी नाई केलं!"

"मग कोणी केलं?" आणि ती गेममधून निघून गेली.

मी हेडफोन काढून आपटला. वळून बघते तर डोमाजी बाकावरून उठून दारात गेलेले, तोंडाशी हात धरून, आणि बाहेर बघून ओ देत होते. लांब, आमच्या गावची ओ.

"काका, कोणाला ओ देऊन राह्यले?"

"हाक कोणाची होती वं? तुह्या मायसारखी," ते म्हणाले. "थे नहराच्या अंगानं आली."

हेडफोन माझ्या कानावर होता. त्यांना आतलं ऐकू येणं शक्य नाही. आणि नहर, म्हणजे कालवा, सेंटरच्या मागे आहे, पाऊण किलोमीटरवर.

ते मग जरा चिडूनच म्हणाले, "तू काऊन नाई देल्ली ओ? माह्या देल्ल्यानं काय होते. घरच्यानं द्याव लागते."

"स्नेहलनं पण नाई दिली," मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.

"मंग? कोणीच ओ देल्ली नाई तं काय करतेत, इसरली का?"

विसरले नव्हते. तसलं विसरत नाही माणूस, म्हणून तर राग येतो. घरी गेले, पिशवीत दोन साड्या भरल्या. आमचे हे म्हणाले, "कुठी?" मी म्हणाले, "पोरगी शोधाले." त्यांनी नागपूरच्या बसमध्ये मला जागा धरून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात तिच्या दारात उभी राहिले. तिनं दार उघडलं. घरभर उघड्या बॅगा. डोळे सुजलेले.

"माझा राग गेला नाहीये," ती म्हणाली.

"माहा बी नाई गेला. सरक, गुडघा दुखते."

तिनं मला खुर्ची दिली. मग मी विचारलं, पहिल्यांदा, नीट, की त्या मुलानं अजून काय काय मागितलं होतं. संध्याकाळ झाली सांगता सांगता. 'तू मेली' हे शब्द मी तिच्यासमोर बसून परत घेतले. माफी मागायची मला सवय नाही, मध्ये दोनदा भांडण झालं. पण बोलणं झालं.

आता मुख्य गोष्ट. स्नेहल गेम खेळताना सगळं रेकॉर्ड करते. तिनं ते लावून दाखवलं. माझं ओरडणं आहे, म्हातारा उड्या मारतो आहे, तिचं वळून जाणं आहे. मग चार सेकंद काहीच नाही. पानांचा आवाज पण नाही. मग आम्ही दोघी एकाच वेळी ओरडतो. हाक त्यात नाही. आम्ही ते किती वेळा ऐकलं मोजलं नाही.

तिच्या कंपनीतले मित्र म्हणतात दुसऱ्या कोणाचा माइक चालू असेल. असेल. झाडीतली मोह वेचणारी बाई जगातल्या कुठल्या देशात माइक लावून बसली होती ते त्यांनी शोधून द्यावं. डोमाजींना नहराकडून काय ऐकू आलं तेही सांगावं. मी अजूनही म्हणते आधी बीपी मोजा. माझं मोजलं, एकशे तीस-ऐंशी. डोमाजींचं माझ्यापेक्षा चांगलं निघालं.

स्नेहल जर्मनीत आहे. रविवारी दुपारी मी मायाच्या सेंटरवर जाते, पळायचं बटण आता येतं. पण राग गेलेला नाही, आणि कोणावर आहे ते लिहूनच टाकते. अकरा वर्षं मी शिवणयंत्रावर बसून आईशी बोलत आले. रोज. दुकान बंद पडायला आलं होतं तेव्हा, गुडघ्याचं ऑपरेशन करू की नको तेव्हा, 'तू मेली' म्हणून फोन आपटला त्या दिवशी तर दिवसभर बोलत होते. एकदा सुद्धा आवाज नाही. आणि नात जंगलात एकटी निघाली, ते पण खोट्या जंगलात, तर ताबडतोब हाजीर.

ती तीच होती की नव्हती, मला माहीत नाही. असेल, तर मला तिला विचारायचं आहे की हाक नेमकी कोणाला होती. आता मी ओ देईन.