कर्जतकर बोटीत बसतात

आमच्या कर्जत स्टेशनावर किस्से फार साठतात. त्याला कारण आहे. पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते, तिला मागून दुसरं इंजीन लागतं आणि मगच ती घाट चढायला निघते. तेवढ्या वेळात अख्खी गाडी खाली उतरते, चहा पिते, वडे खाते, भांडते आणि निघून जाते. किस्सा मात्र आमच्याकडे राहतो!

मी तिथे पार्सलबाबू. कोणी न सोडवलेली पार्सलं आणि हे किस्से माझ्या ऑफिसात एकाच कोपऱ्यात पडून असायचे. पार्सलांचा पुढेमागे लिलाव तरी व्हायचा. किश्श्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

त्यातले सगळ्यात मजेचे किस्से बोटीचे. आता तुम्ही म्हणाल, कर्जत कुठे आणि बोट कुठे! आमच्याकडे पाणी म्हणजे उल्हास नदी, तीही उन्हाळ्यात गुडघ्याएवढी. पण दुसरी मोठी लढाई संपली, कोकणच्या बोटी पुन्हा नीट सुरू झाल्या आणि लोकांना एक नवंच वेड लागलं. तोवर बोटीत बसायचा तो कोकणातला माणूस, तोही घरी जायला. आता ज्यांचं रत्नागिरीला कुत्रंही ओळखीचं नाही, असे लोक नुसती हवा खायला बोटीने जाऊन परत यायला लागले. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही.

*

पहिला मान खालापूरच्या अण्णाशेटचा. अण्णाशेटची भाताची गिरणी. माणूस दिलदार, पण बोलायला लागला की गिरणी बरी, ती निदान बंद करता येते!

अण्णाशेट सहकुटुंब रत्नागिरीला जाऊन आले. उतरले ते डोक्यावर साहेबी टोपी घालूनच. मग महिनाभर पार्सल ऑफिसच्या बाकावर रोज समुद्र. लाटा अशा, वारा तसा, कप्तान आपल्याला विचारल्याशिवाय बोट वळवत नव्हता, वगैरे.

एक दिवस आमचे गार्ड दामले म्हणाले, "अण्णाशेट, सगळं सांगितलंत, पण समुद्राचा रंग कसा असतो ते सांगितलं नाहीत."

अण्णाशेट गडबडले. शेजारी त्यांच्या मंडळी सामानावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि शांतपणे सांगितलं, "पितळेसारखा असतो, भावजी. यांनी जाता-येता सगळा समुद्र बादलीतच पाहिला. बंदर सुटल्यापासून बोट लागली होती ना!"

टोपी दुसऱ्या दिवसापासून दिसली नाही.

*

पण वेड काही कमी झालं नाही. वकील गेले, डॉक्टर गेले, शाळेचे मास्तर सुट्टी टाकून गेले. लग्नाच्या बैठकीत लोक विचारायला लागले, "मुलगा बोटीनं फिरलाय का?"

कशेळ्याच्या बाजारात एक ठाकरीण लिंबं घेऊन बसायची. बोट लागू नये म्हणून लिंबू चोखायचं, हे एव्हाना सगळ्या तालुक्याला कळलं होतं. मी एकदा गेलो तर तिच्यापुढे लिंबांचे दोन ढीग. एक घरची, एक बोटीची. बोटीची दुपटीने महाग.

मी दोन्ही ढिगांतली उचलून पाहिली. आकार तोच, साल तीच. "बाई, फरक काय यात?"

"लिंबात कायबी नाय," ती म्हणाली. "बोटीचं घेनारा घासाघीस करीत नाय!"

मी बोटीचीच घेतली. कारण आमचंही ठरलं होतं.

*

ठरलं होतं ते जानकीकाकींमुळे.

काकी म्हणजे धोंडूमामांची बायको, आणि धोंडूमामा म्हणजे मागच्या इंजिनाचे ड्रायव्हर. त्या मागच्या इंजिनाला आम्ही बँकर म्हणतो. मामा इंजीन असं अलगद लावायचे, की गार्डाच्या कपातला चहा हलत नसे. सव्वीस वर्षं त्यांनी गाड्या घाटावर ढकलल्या. समोर काचेतून बघावं तर कायम शेवटच्या डब्याची पाठ. घाट चढला, की पुढचं इंजीन शिट्टी देणार, मामा सुटणार आणि एकटेच उलटे कर्जतला येणार. एवढी दुनिया त्यांनी पुण्याला पोचवली, पण स्वतः पुणं पाहिलं नाही!

एक दिवस काकी मामांचा डबा घेऊन पार्सल ऑफिसात आल्या होत्या. बोटीच्या गप्पा ऐकत दारातच उभ्या राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "मला बोटीत बसायचंय."

"बस की," मामा म्हणाले. "अण्णाशेटच्या मंडळींसंगं जा."

"तुमच्यासंगं बसायचंय."

"रजा नाय."

"सव्वीस वरसं रेल्वेचा पास येतोय, तो काय लोनच्यात घालू? लोनावळ्याच्या पल्याड कदी नेलंत का मला?"

मामांनी भाकरीत डोकं घातलं. काकी काही भांडखोर बाई नव्हत्या. त्यांनी लग्नापासून नवऱ्याकडे काही मागितल्याचं रेल्वेच्या चाळीत कोणाला आठवत नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "मे महिन्यात तुमी रिटायर व्हनार. मग कशेळ्याला, घरी. तितं म्हस हाय, शेत हाय, सासूबाई हायत. म्हशीला कोन रजा देतंय? आता नाय गेलो तर कदीच नाय."

 शेवटी दामले म्हणाले, "मामा, रजेचा अर्ज मी लिहितो. तुम्ही फक्त सही करा."

*

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. मी, गार्ड दामले, शाळेतले बापट मास्तर आणि त्यांची बायको, मामा आणि काकी. भाऊच्या धक्क्यावर मामांचा उत्साह काय सांगावा! सगळ्यांच्या वळकट्या त्यांनीच वर चढवल्या, मास्तरीणबाईंना त्यांनीच हात दिला, काकींसाठी कठड्याजवळ चांगली जागा धरून चादर पसरली. मग एका खलाशाला गाठलं.

"इंजीन कुटं हाय?"

"पोटात."

"आन् ढकलतंय कोन?"

"मागे पाण्यात पंखा आहे, तो ढकलतो."

मामा थक्क झाले. "म्हंजी पुडं कायच नाय? नुसत्या बँकरवर चालती?" ते तडक बोटीच्या मागच्या टोकाला गेले आणि कठड्याला हात लावून त्यांनी नमस्कार केला.

आम्ही इकडे जय्यत तयारीत. कर्जतच्या माणसाला एकच ठाऊक, इंजीन कितीही अलगद लागो, गाडी सुटायची म्हणजे आधी मागून हिसका बसणार. बापट मास्तरांनी खांबाला मिठी मारली. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी वळकट्यांवर बसलो. भोंगा झाला. आम्ही डोळे मिटून हिसक्याची वाट बघतोय, बघतोय, हिसका काही येईना.

"विसरले वाटतं!" मास्तर म्हणाले.

डोळे उघडून बघतो तर मुंबई पार मागे पडलेली!

आणि मामा कुठेच नव्हते. मागच्या टोकाला नाहीत, पुढे नाहीत. काकी तेवढ्या कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दूर धक्क्यावर एक खाकी ठिपका दिसत होता, हात वर करून उभा असलेला.

"काकी, मामा?" मी विचारलं.

"सुटले," काकी म्हणाल्या.

*

पुढच्या प्रवासात हसू आलं ते दामल्यांमुळे. दाभोळला मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे. माणसं पडावातून जा-ये करायची. पडावात बोटीचा कारकून तिकिटं तपासत बसला होता आणि काम काही उरकेना. दामले घड्याळ काढून येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि गार्डाच्या थाटात खणखणीत वाजवली!

पडाववाल्यांना वाटलं हुकूम झाला. त्यांनी वल्ही मारली आणि पडाव कारकुनासकट किनाऱ्याकडे निघाला. तो बिचारा हातवारे करतोय, तिकिटं वाऱ्यावर उडताहेत!

कारकुनाला घेऊन पडाव परत येईतो चाळीस मिनिटं गेली, तेव्हा कप्तान खाली आला. "शिट्टी कोणी वाजवली?"

दामल्यांनी टाचा जुळवल्या. "मी. गाडी अकरा मिनिटं लेट होती."

"आणि आता?"

दामल्यांनी घड्याळ पाहिलं. "आता एक्कावन्न, साहेब!"

कप्तानसुद्धा हसला. काकीही हसल्या. पण एक गोष्ट मी पाहिली. जाताना आणि येताना त्यांनी स्वतःशेजारी मामांची चादर पसरून ठेवली होती. बोटीत मरणाची गर्दी. कोणी टेकायला आलं की काकी म्हणायच्या, "हितं मानूस हाय." लोक रिकाम्या चादरीकडे बघायचे आणि पुढे जायचे. मला फार वाईट वाटलं. मामांचा रागही आला.

*

परत आलो तर मामा कर्जतच्या फलाटावर उभे. आता तोफ डागली जाणार म्हणून अख्खं स्टेशन जमलेलं. काकींनी बोचकं त्यांच्या हातात दिलं.

"समुद्र तितंच हाय," त्या म्हणाल्या. "पुन्ना येनार म्हनून सांगून आलेय." आणि घरी गेल्या.

मामांनी सगळ्यांना सांगितलं, की पिण्याचं पाणी भरायला उतरलो होतो. पाण्याच्या दोन्ही कळश्या मी स्वतः भरून चढवल्या होत्या, पण मी गप्प बसलो. चार दिवसांनी मामाच पार्सल ऑफिसात आले. बाहेर कोणी नाही असं बघून म्हणाले, "बाबू, भ्यालो नवतो रं. भोंगा झाला आन् पाय आपसूक खाली आलं. जमिनीवर आल्यावर कळलं. समद्यांना चडवून दिलं, आता माजं काम संपलं, असंच वाटलं बग."

 सव्वीस वर्षांची सवय. पण चाळीतल्या टवाळांना आयतंच कोलीत मिळालं. कोणी विचारायचं, "मामा, यंदा कुठवर पोचवणार?" मामा हसण्यावारी न्यायचे.  काकी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायच्या.

*

एप्रिल आला. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस राहिले होते, मामांच्या रिटायरीला त्याहून थोडे. एक दिवस काकी एकट्याच माझ्या खिडकीशी आल्या. "भाऊ, दोन तिकिटं काडून आना. त्यांना सांगू नका. अर्ज दामल्यांनी लिवलाय, वाचू न देता सही मी घेतलीय."

आम्ही सगळे पुन्हा निघालो. या वेळी बघायला म्हणून अण्णाशेटही आले, बादली घेऊन. धक्क्यावर मामा वळकट्या उचलायला वाकले तर काकींनी त्या हमालाकडे दिल्या. मास्तरीणबाईंना हात द्यायला गेले तर काकींनी स्वतः हात दिला. मामांना काही कामच उरलं नाही. ते बोटीवर चढायच्या फळीपाशी रिकाम्या हातांनी उभे राहिले.

"तू चड पुडं," मामा म्हणाले. "मी मागून येतो."

"नाय. पुडं तुमी."

मामा फळीवर चढले. अर्ध्यात पोचले आणि भोंगा झाला! आम्ही बघतोय, मामांचे पाय थबकले. ते वळायला लागले. काकी बरोबर त्यांच्या मागे. एवढीशी बाई, पण तिने दोन्ही तळवे मामांच्या पाठीला लावले.

"मागं काय बगताय? मागं मी हाय!"

आणि ढकललं! अलगद, कपातला चहा हलू नये तसं. वरून दामले ओरडले, "बँकर लागला!" सगळी बोट हसायला लागली. फळीवरचे खलाशी बाजूला झाले. काकी थांबल्या नाहीत. वर आल्यावरही थांबल्या नाहीत. माणसांतून, वळकट्यांतून, अण्णाशेटच्या बादलीला वळसा घालून, त्या मामांना तशाच ढकलत ढकलत बोटीच्या अगदी पुढच्या टोकापर्यंत घेऊन गेल्या आणि तिथे सोडलं.

बोट निघाली. बंदर संपलं, शेवटच्या होड्या मागे गेल्या. मामा दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. किती तरी वेळ त्यांनी मान हलवली नाही. मला वाटलं, यांनाही बोट लागली. मी लिंबू घेऊन जवळ गेलो.

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डोळे समोर लावूनच त्यांनी हात मागे केला आणि काकींचा पदर चाचपून धरला.

"अगं," ते म्हणाले, "पुडं डबाच नाय गं!"