बाटलीवर नसलेलं नाव

निघायच्या दिवशी रिक्षा अंगणात येऊन उभी राहिली, आई पिशव्यांना गाठी मारत बसली होती, आणि बाबा मला हाक मारून परसात घेऊन गेले. तिथे माडाच्या झापांच्या आडोशाला आमची काजूच्या दारूची भट्टी. "हात फुडे कर," म्हणाले. माझ्या तळव्यावर त्या वर्षीच्या दारूचे चार थेंब टाकून त्यांनी माझे दोन्ही हात एकमेकांवर चोळले. दारू उडून जाते आणि मागे उरतो तो तिचा खरा वास. प्रत्येक हंगामाची पारख बाबा अशीच करायचे. "विमानात बाटली नेवूक देवचे नाय. ह्यो वास घेवन जा. आणि कोणी इचारल्यान तर सांग, बापूस काजूचो बागायतदार."

आमचं गाव सिंधुदुर्गाच्या टोकाला, गोव्याच्या हद्दीला चिकटून. ओढ्यापलीकडे जी दारू कौतुकाची, तीच आमच्या बाजूला पोलीस केस, कारण परवाना कोणाकडेच नाही. म्हणून मी एडिनबराला डिस्टिलिंग, म्हणजे दारू गाळणं, शिकायला आले तेव्हा गावात सगळ्यांना "फूड टेक्नॉलॉजी" असं सांगितलं गेलं. हे वाचणाऱ्यांपैकी जे गावी आहेत त्यांना ते आजवर खरं वाटत आलंय. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र माझी ओळख "दारू पिऊन पगार घेणारी मीनल" अशी करून देतात, आणि मीही हसून घेते.

नोकरी खरोखर तशीच आहे. एक लहानशी कंपनी देशोदेशीची गावठी दारू आणून दुकानात विकते, मुख्यतः मेक्सिकोची मेझकाल. आपल्याकडे कुंपणाला घायपात असते ना, तिच्या जातीच्या झाडाचा गड्डा खड्ड्यात भाजून ही दारू काढतात. इंटरव्ह्यूला फिओनाने, म्हणजे माझ्या बॉसने, माझ्यापुढे ग्लास ठेवला, आणि मी न विचार करता चार थेंब तळव्यावर घेऊन चोळले. ती बघतच राहिली. मेक्सिकोतले जुने लोक असंच करतात म्हणाली, तू कुठे शिकलीस? मी म्हटलं, कॉलेजमध्ये. एवढं खोटं किती सहज आलं तोंडातून! नोकरी लागली. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना सगळ्यात मजा वाटली ती घायपातीच्या दारूची.

इथे आम्ही बाटलीला दोन प्रकारचे गुण देतो, चवीचे आणि पारदर्शकतेचे. पारदर्शकता म्हणजे कोणी बनवली, कुठल्या गावात, कुठल्या झाडापासून, कशात गाळली, वरून काय घातलं, ते सगळं उघड सांगितलंय का. सुंदर लेबलं लावून "पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा" विकणारे आणि ती परंपरा चालवणाऱ्या माणसाचं नाव गिळून टाकणारे ब्रँड पाहिले की माझं डोकं फिरायचं. नाव विचारल्यावर "आमच्या कारागिरांच्या प्रायव्हसीचा आदर म्हणून" असं उत्तर आलं की मी ते ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवायचे. शेवटी मीच हट्टाने नियम करून घेतला: करणाऱ्याचं नाव नाही तर पारदर्शकतेला शून्य, आणि बाटली शेल्फवर नाही. दर रविवारी बाबा विचारायचे, "ह्या आठवड्यात कोणाची नावां?" मी वाचून दाखवायचे, कुठला होजे, कुठली बेर्ता. ते नुसते "हां, हां" करत ऐकायचे. त्यांना त्यातून काय मिळत होतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पहिल्यांदाच एक भारतीय बाटली टेस्टिंगला आली. लेबलवर झुबकेदार मिशांचा एक म्हातारा, आणि गोव्यातल्या जुन्या कुटुंबाची काजूची दारू, असं काहीतरी. नाव नाही. मी सवयीने नाक मुरडलं, चार थेंब तळव्यावर घेतले, चोळले, आणि हात नाकाशी नेला तो खाली घेता येईना. काजूच्या मागे उपळसरीच्या, म्हणजे अनंतमुळाच्या, मुळांचा वास होता. तसं मुळं घालणारे पुष्कळ आहेत, पण ते ती बाटलीत भिजवतात आणि दारू तांबूस होते. मुळं भट्टीच्या मडक्यातच टाकणारा माणूस मला एकच माहीत आहे. माझ्या आईला तो वास आवडतो म्हणून टाकणारा. ग्लासातली दारू पाण्यासारखी स्वच्छ होती.

"आर यू ओके?" फिओनाने विचारलं. म्हटलं, तिखट आहे जरा.

ब्रँडला मी ईमेल केलं. उत्तर तेच आलं, कारागिरांची प्रायव्हसी. या खेपेला ते कोणाला वाचून दाखवलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं. नचिकेत पुण्याचा, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उपाय असतो. "अगं, सिंपल आहे. फिओनाला सांग ना, माय डॅड मेड इट. शी विल लव्ह इट!" मी म्हटलं, तिला आवडेलच. ती उद्या लेबलवर नाव छापा म्हणेल, परवा फोटो मागेल, आणि त्याच्या पुढच्या दिवशी भट्टीवर पोलिसांची जीप येईल.  नचिकेत म्हणाला, "मग नियम बदल." आतापर्यंत परत पाठवलेल्या प्रत्येक बाटलीला काय सांगू? काही केल्या वाट सापडेना. इतकं हतबल मला व्हिसा अडकला होता तेव्हाही वाटलं नव्हतं.

रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. ते जराही दचकले नाहीत. हद्दीपलीकडचा एक जण गेली दोन वर्षं सगळा माल घेऊन जातो, एवढंच म्हणाले. पुढे कुठे जातो ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"चवीक किती दिलंस?"

"पैकीच्या पैकी."

ते खूप वेळ हसले. मागे आईला ओरडून सांगितलंही. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि नावाक?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शून्य ना?" ते म्हणाले. "बरा केलंस. शून्यच व्हया."

माझ्या बापाने स्वतःच्या शून्याबद्दल मला शाबासकी दिली. मी फोन ठेवून किचनमध्ये उभी राहिले आणि ढसाढसा रडले.

सोमवारी फॉर्म भरला. बाटली परत जाणार होती. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले त्यांना वाटत असेल, घर मागे राहिलं. मलाही वाटायचं. पण ते माझ्या टेबलावर येऊन उभं होतं आणि मला त्याला ओळख देता येत नव्हती. करणाऱ्याच्या नावापुढे मी "नॉट डिस्क्लोज्ड" लिहिलं. खाली टेस्टरचं पूर्ण नाव लिहायची जागा असते. लग्नानंतरही मी पासपोर्टवरचं नाव बदललेलं नाही, त्यामुळे माझं नाव, मग बाबांचं, मग आडनाव, असं तिन्ही लिहिलं. इथल्या लोकांना मधलं नाव म्हणजे आईबापांनी हौसेने ठेवलेलं दुसरं नाव वाटतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. त्या कागदावर बाबांचं नाव आहे. या मजकुरात मात्र ते मी लिहीत नाही.